अण्णांचे तीन प्रश्न आणि एक कावळा

आमच्या घरी साठीच्या आत कुणी आठवणी सांगायला बसलं की काकी मीठ-मोहऱ्या घेऊन दृष्ट काढायला उठते. माझी चाळिशीसुद्धा अजून लांब आहे, म्हणून हे प्रकरण मी तिच्या नकळत लिहिते आहे. शिवाय यात एक खोटी बातमी आहे आणि ती मी स्वतः लिहिलेली आहे. ते माझं पहिलं लेखन. मोजून पाच शब्दांचं होतं. तेवढे वाचक मला नंतर कधी मिळाले नाहीत, आणि आता मी वर्तमानपत्रातच नोकरी करते.

चौलच्या वेशीला लागून आमची वाडी. वर नारळ, खाली पोफळी, मधून पाण्याचे पाट, आणि दिवसभर कुठे ना कुठे सुकलेली झावळी धप्पकन पडल्याचा आवाज. बाबा कंपनीत, ते शनिवारी घरी येत. एरवी घर चालायचं ते अण्णांच्या शब्दावर. अण्णा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, निवृत्त पोस्टमास्तर. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या बातम्या हाताखालून गेल्यामुळे बातमी या वस्तूवर आपला वंशपरंपरागत हक्क आहे असं त्यांना वाटे. घरात कुणीही काहीही ऐकून आलं की ओटीवरच्या आरामखुर्चीतून तीन प्रश्न यायचे. कोणी सांगितलं? त्यानं स्वतः पाहिलं का? आणि खोटं निघालं तर उद्या तो तोंड दाखवायला येणार आहे का? या तीन प्रश्नांत माझं अर्धं बालपण गेलं. शाळेला उद्या सुट्टी आहे ही बातमीसुद्धा मला तीनदा सिद्ध करावी लागे.

अण्णांच्या लेखी बातम्यांची उतरंड ठरलेली होती. सगळ्यांत वर जिल्ह्याचा पेपर. तो नऊच्या एसटीनं यायचा, आणि काकीची घावनं तव्यावरून उतरायची वेळही तीच. एका हातात नारळाच्या रसात बुडवलेलं घावन आणि दुसऱ्या हातात पेपर अशा थाटात अण्णा पहिल्या पानापासून निधनवार्तांपर्यंत सगळं मोठ्यानं वाचून दाखवत. निविदा सूचनासुद्धा सुटायच्या नाहीत. पेपर खरा का, तर शेवटच्या पानावर तळाला संपादकाचं नाव आणि पत्ता छापलेला असतो, माणूस पळून जाणार कुठे. दुसरा नंबर रेडिओचा, तोही समुद्राच्या हवामानापुरता. टीव्ही पार तळाला. "दहा जण एकदम बोलतायत," अण्णा म्हणत, "म्हणजे एकालाही ठाऊक नाही."

या उतरंडीत हौसाबाईचं नाव कुठेच नव्हतं. हौसाबाई रेवदंड्याची कोळीण. रोज सकाळी पाटी घेऊन मागच्या दारी यायची. मासे निवडून देता देता ती कुणाची होडी परतली नाही, कुठल्या रस्त्याचं डांबर वाहून गेलं, कुणाच्या सुनेनं माहेरची वाट धरली हे सगळं सांगायची. घरातल्या बायकांना गावाची खबर हिच्याकडून लागे आणि दुसऱ्या दिवशी अण्णा तीच पेपरात शोधत. सापडली नाही तर म्हणत, "बघा, काही झालेलंच नाही." एकदा तिनं दिलेली कोलंबी शिळी निघाली. दुसऱ्या दिवशी काकी कमरेवर हात ठेवून उभी होती, आणि हौसाबाई आली. मान खाली घालून दुप्पट कोलंबी देऊन गेली. अण्णांच्या तिसऱ्या प्रश्नाला इतकं चोख उत्तर आमच्या घरी दुसऱ्या कुणी दिलेलं नाही. आमच्या कचेरीत "सूत्रांनी दिलेल्या माहितीनुसार" असं वाक्य आलं की मला अजून त्या कोलंबीची आठवण येते. सूत्रं कधी दुप्पट भरपाई घेऊन आलेली मी पाहिली नाहीत.

मग घरात पहिला टच फोन आला. अण्णांचा एकुलता एक मुलगा दीपकदादा वाशीला असायचा. त्यानं तो वाढदिवसाला आणून दिला, नातेवाइकांच्या ग्रुपमध्ये अण्णांना टाकलं आणि पोहे खाऊन परत गेला. पहिले चार दिवस अण्णा फोन रजिस्टर पाकिटासारखा दोन हातांनी धरत. पाचव्या दिवशी त्यांनी जाहीर केलं की पोफळीच्या कोवळ्या पानांचा रस उपाशीपोटी घेतल्यास चष्मा जातो. वाडी घरचीच होती. अकरा दिवस रस घेतला. चष्मा जागेवर राहिला, भूक मात्र गेली.

"कोणी सांगितलं?" काकीनं विचारलं.

"ग्रुपवर आलंय."

"त्यानं पाहिलं का?"

"खाली स्पष्ट लिहिलंय, सर्वांना पाठवा," अण्णा म्हणाले, आणि त्यांनी तो निरोप सर्वांना पाठवला.

ज्या माणसानं आयुष्यभर पाकिटावरचा शिक्का भिंगातून पाहिला त्याचं असं का व्हावं, याचं मला तेव्हा हसू यायचं. आता येत नाही. दीपकदादा पूर्वी वर्षातून तीनदा फोन करायचा. ग्रुपवर तो रोज सकाळी चार निरोप टाकायचा. ते त्यानं कुठून तरी उचललेले असत, बहुधा वाचलेलेही नसत. पण आलेले असत मुलाकडून. अण्णांचा विश्वास बातमीवर नव्हताच, तो मुलावर होता. हे मला फार उशिरा कळलं आणि कळल्यावर वाईट वाटलं.

वैशाखातली सकाळ होती. माझी बारावीची परीक्षा संपली होती आणि मी मागच्या पायरीवर लोळत होते. अण्णा फणस उतरायला आलेत का बघायला झाडाखाली गेले आणि एका कावळ्यानं सरळ येऊन त्यांच्या टकलावर टोच मारली. अण्णा डोकं धरून आले. काकीच्या हातातला विळा खाली पडला. हौसाबाई बोंबील साफ करत होती. तिनं वर पाहिलंसुद्धा नाही.

"घरटा हाय वर," ती म्हणाली. "पिलांपायी मारतंय त्यो. दोन दिस तिकडं जाव नका."

पण काकीला कावळ्याचं मन जाणून घ्यायचं नव्हतं. डोक्याला कावळा लागणं म्हणजे मरणाची खूण, आणि त्यावर आमच्याकडे पिढीजात उतारा आहे. तो माणूस मेल्याची खोटी बातमी जवळच्या नातेवाइकाला कळवायची. त्यानं खरं मानून टिपं गाळली की मरण रडून झालं, अरिष्ट टळलं. मग लगेच खरं सांगायचं. पोस्टात असताना अण्णांनी अशा कावळ्याच्या तारा पुष्कळ पाठवल्या होत्या. लोक दोन तारा एकदमच लिहून आणत. पहिली "निधन", दुसरी "सुखरूप", तासाभरानं सोडा म्हणून. या लोकांना अण्णा अडाणी म्हणत.

"थोतांड आहे," अण्णा आताही म्हणाले. मग ते लागोपाठ दोन तांबे पाणी प्यायले आणि फोन घेऊन विहिरीकडे गेले. आमच्या वाडीत रेंज फक्त विहिरीच्या कठड्यावर मिळायची. परत आले ते उतरलेल्या चेहऱ्यानं. त्यांनी ग्रुपला विचारलं होतं आणि दहा मिनिटांत तीन उत्तरं आली होती. एकात चाळीस दिवसांची मुदत दिलेली होती.

रडायला कोण, हा प्रश्नच नव्हता. माई आत्या. अण्णांची एकुलती एक बहीण, पालीला दिलेली. आईवडील लवकर गेल्यावर अण्णांनीच तिला लहानाची मोठी केली. तिच्याकडे फोन नव्हता, पण तिची सून ग्रुपमध्ये होती. घरात फोनवर भराभर मराठी लिहिता येणारी मी एकटी.

"मी खोटं लिहिणार नाही," मी म्हटलं.

"खोटं कुठं गो, शुभे? उतारा आहे तो," काकी म्हणाली. "आणि ग्रुपवरच जाऊ दे. चार जण जास्त रडले तर काय वाईट आहे?"

दीपकदादाला आधी सांगून ठेवावं म्हणून मी फोन लावला. त्यानं उचलला नाही. मग मी कठड्यावर चढून लिहिलं, "आपले अण्णा गेले. लवकर या." दुसरा निरोपही तयार ठेवला, की अण्णा सुखरूप आहेत, कावळ्याचा उतारा होता. काकी म्हणाली, अर्धा तास जाऊ दे, माईला नीट रडू दे. अर्ध्या तासात वारा सुटला, कुठेतरी तारा तुटल्या, वीज गेली आणि विजेच्या मागोमाग रेंज गेली. घरचा जुना फोन आम्ही महिन्यापूर्वीच काढून टाकला होता, कारण आता फोन आला होता.

दुसरा निरोप माझ्या हातात तसाच राहिला. मी दुपारभर कठड्यावर उभी होते. अण्णा मात्र मेल्यावर फारच मोकळे झाले. बोंबलाचं कालवण आणि भात पोटभर जेवले आणि घोरायला लागले. चारच्या सुमाराला, कधी नव्हे ती, हौसाबाई दुसऱ्यांदा आली. पाटी नव्हती, धापा टाकत होती.

"अण्णा, तुमी मेलाव म्हनतान नाक्यावर," ती ओटीखाली उभी राहून म्हणाली. "मी सांगतंय, आरं सकाली मी माज्या डोल्यानी बगलाय, बोंबील घेतलान माज्याकडशी. पन कोन आयकत न्हाय. फोनवर आयलाय म्हनतान."

अण्णा उठून बसले. घरच्यांखेरीज साऱ्या पंचक्रोशीत त्यांना त्या दिवशी जिवंत पाहिलेलं एकच माणूस होतं, आणि त्याचं कुणी ऐकत नव्हतं. हे ऐकून अण्णांचा चेहरा कसा झाला ते मी विसरलेले नाही.

पाच वाजता जीप आली. माई आत्या दारातच रडत उतरली. पायांत चपला नव्हत्या. पालीपासून ती तशीच आली होती, केस सुटलेले, हाताला पीठ. अंगण ओलांडून ती ओटीपाशी आली तेव्हा अण्णा चहात खारी बुडवत होते. ती खांबाला धरून उभी राहिली. मग खाली बसली. काकीनं कावळ्याचं सांगायला सुरुवात केली, तेव्हा ती हात वर करून म्हणाली, "पुरे वहिनी." मग माझ्याकडे वळली.

"तू लिहिलंस ना हे?"

मी मान हलवली.

"म्हणून मी विश्वास ठेवला. सुनेला म्हटलं, शुभा खोटं लिहायची नाही." तिनं पदरानं तोंड पुसलं. "अण्णा, ऐकून ठेव. यापुढे फोनवर तुझं काही आलं तर मी येणार नाही. खरं असलं तरी येणार नाही."

संध्याकाळी दीपकदादा आला तो दोन मित्र आणि एक भला मोठा हार घेऊन. "क्या यार बाबा, पूरी बिल्डिंग मला भेटून गेली," एवढंच तो म्हणाला, आणि मग बापाच्या गळ्यात पडून असा रडला की काकीला उताऱ्याचं समाधान वाटलं. हाराचं काय करायचं ते कुणाला कळेना. शेवटी तो देवाला घातला.

दुसऱ्या दिवशी नऊच्या एसटीनं पेपर आला. अण्णांनी घावनाचा तुकडा मोडला आणि सवयीनं मोठ्यानं वाचत निधनवार्तांवर आले. "येथील निवृत्त पोस्टमास्तर, मितभाषी व शांत स्वभावाचे..." इथे काकीला ठसका लागला. अण्णा पुढचं नाव वाचून थांबले. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. "वय बहात्तर लिहिलंय," ते म्हणाले. "एकोणसत्तर पाहिजे." मग पेपराची घडी घातली आणि बराच वेळ शेवटच्या पानावरचं संपादकाचं नाव बघत बसले. "इतकी वर्षं मी तुम्हाला वाचून दाखवलं," ते म्हणाले, "ते सगळं असंच होतं की काय?" घावन गार झालं. चौथ्या दिवशी पेपरात आतल्या पानावर दोन ओळींचा खुलासा आला, की कै. अण्णा हे हयात असल्याचे कुटुंबीयांनी कळवले आहे. तो कै. काढायला ते विसरले होते.

अण्णांनी फोन कपाटात ठेवला. तो आठवडाभर तिथे राहिला. मग दीपकदादाचा सकाळचा निरोप चुकतो म्हणून बाहेर आला. माझं मात्र नुकसान झालं ते झालंच. दूध उतू जातंय असं मी ओरडले तरी आई आधी स्वतः येऊन बघायची. गावात मला बघून पोरं कावकाव करायची. अण्णा मला काहीच बोलले नाहीत, पण पेपर आला की पूर्वी मधलं पान माझ्याकडे द्यायचे, ते बंद झालं.

त्याच वर्षी माघात अण्णा आजारी पडले. खोकला छातीत उतरला आणि पुढे हृदयानंच हात टेकले. अलिबागच्या डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं आणि कुणाला बोलवायचं असेल तर बोलवून घ्या म्हणाले. अण्णा दिवसातून दोन-तीनदाच बोलत. बोलत ते एवढंच, "माई आली का?"

दीपकदादा येऊन उशाशी बसला होता. त्यानंच ग्रुपवर लिहिलं. पहिलं उत्तर तीन हसऱ्या चेहऱ्यांचं आलं. दुसरं, "पुन्हा कावळा का?" तिसऱ्यानं अण्णांना शतायुषी व्हा म्हटलं. काकीनं पालीला फोन लावला आणि रडत रडत सगळं सांगितलं. माई आत्या फोनवर आली, शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मागच्या वेळीही असंच खरं वाटलं होतं, वहिनी." आणि फोन ठेवला. अण्णांनी विचारलं, "येतेय का?" दीपकदादा म्हणाला, निघालीय. आमच्या घरात अण्णांपायी बोललेलं ते दुसरं खोटं.

सकाळी हौसाबाईनं मागच्या दारी सगळं ऐकून घेतलं. पाटीवरचं फडकं सारखं करत मला म्हणाली, "फोनवर मासली ताजी हाय का कलतंय काय? तू लिवलास, तूच जा. तोंड दाकव तिला."

मी पहिली एसटी धरून रोह्याला आणि तिथून पालीला गेले. वाटभर वाक्यं जुळवत होते. एकही धड जमलं नाही. माई आत्या अंगणात खाटेवर पोह्याचे पापड वाळत घालत होती. तिनं मला पाहिलं आणि पापड घालणं थांबवलं नाही.

"कोणी सांगितलं?" तिनं विचारलं. अगदी अण्णांच्याच आवाजात. तीही त्याच ओटीवर वाढलेली.

"कोणी नाही. मीच सांगतेय."

"तू पाहिलंस?"

"निघताना चमच्यानं पाणी पाजलं. दोन चमचे गेले. तिसरा ओठांतून बाहेर आला. तुझं नाव घेतात फक्त."

"आणि खोटं निघालं तर?"

"तर उद्या या पायरीवर येऊन बसेन. परवाही बसेन. तू काय म्हणशील ते ऐकून घेईन."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. एवढं निरखून मला त्याआधी कुणी पाहिलं नव्हतं. मग तिनं हात धुतले, पापड सुनेवर सोपवले, शाल घेतली. या वेळी तिनं चपला घातल्या.

आम्ही पोचलो तेव्हा दिवस कलला होता. अण्णा जागे होते. माई आत्या उशाशी बसली आणि तिनं त्यांचा हात आपल्या मांडीवर घेतला. त्यांनी तिला ओळखलं, मग कपाळाला आठी घातली. आठी ओळखीची होती. इतक्या आजारपणातही माणूस पोस्टमास्तरच राहिला होता.

"तुला... कोणी सांगितलं?"

"शुभानं. दारात आली."

अण्णांनी मान वळवून मला शोधलं. "मग खरं असेल," ते म्हणाले. आणि स्वतःच्याच बोलण्याचं त्यांना हसू आलं, हसण्याचा खोकला झाला, आणि माई आत्या हसता हसता जी रडायला लागली ती थांबेचना. त्या तीन शब्दांची किंमत मला तेव्हाच कळली. आजवर मिळालेली सगळी शाबासकी त्यांच्यापुढे फिकी आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी, घावन तव्यावर असताना, अण्णा गेले. पेपरच्या वार्ताहराला दीपकदादानं फोन केला, तर तो म्हणाला, ही आपण वैशाखात घेतलीय. ग्रुपवर लिही म्हणून काकीनं फोन माझ्या हातात दिला. मी तो फळीवर ठेवला आणि मागच्या दारी गेले. हौसाबाई नुकतीच पाटी उतरवत होती. मी सांगितलं. तिनं मला काही विचारलं नाही. पाय धुतले, आत गेली, अण्णांच्या पायांशी उभी राहून स्वतःच्या डोळ्यांनी पाहून आली. मग न विकलेली पाटी तशीच डोक्यावर घेतली आणि गावाच्या वाटेला लागली. दुपारी बारापर्यंत आमचं अंगण माणसांनी भरलं, आणि येणाऱ्यांपैकी एकानंही खरं का म्हणून विचारलं नाही.